सिनेमात सापडलेले आजोबा

आता माझ्या अकलेचं काय सांगू तुम्हाला! स्वतःचा आजा मोबाइलमध्ये शोधून काढणारा माणूस पाहिलाय कधी? पाहून घ्या, समोर बसलाय. चहा प्या आधी, थंड होईल.

आमचे आजोबा इंग्रज-जपानच्या लढाईत आसामकडे रस्ता बांधायला मजूर म्हणून गेले, ते परतलेच नाहीत. माझी आत्या तेव्हा आजीच्या पोटात होती. घरात त्यांचा एक फोटोसुद्धा नाही.

परवा मोबाइलवर त्या लढाईच्या काळातली सरकारी फिल्म दिसली. मजूर रस्ता बांधताहेत, मागून कुणीतरी गरजतोय, ‘हे आपले शूर कामगार!’ आणि त्यात एक जण डोक्यावर घमेलं घेऊन हसतोय. नाक बघाल तर हुबेहूब आमच्या घराण्याचं! म्हणजे पोपटाचं!

झालं! अकोल्याहून गाडी काढली ती थेट बाळापूर, आत्याच्या घरी. नातेवाईक गोळा केले. टीव्हीला हार घातला. अहो, पेढे वाटले मी!

फिल्म लावली. तो माणूस आला. आत्या काठी टेकत उठली, टीव्हीच्या काचेवर हात ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "कुठी होते जी इतके दिवस?"

अख्खं घर रडलं. सगळ्यात मोठ्यानं मी.

तेवढ्यात फिल्म संपली आणि दुसरी आपोआप सुरू झाली. धान्य जास्त पिकवा म्हणून सांगणारी. नांगर धरून कोण उभं? आमचे आजोबा! मग तिसरी. तिच्यात ते रेल्वेचे गार्ड. कडक इस्त्रीत!

"दादा," चुलतभाऊ हळूच म्हणाला, "आपला आजा तं नट निगाला!"

मला रिमोट सापडेना. सापडला तर बटण सापडेना. आवाज तेवढा वाढला.

"चुकलं माह्यं, आत्या," मी म्हणालो.

"मले तवाच समजलं होतं. घमेलं डोक्शावर घेऊन येवढं कोन हासते रे?"

"मंग बोलली काऊन नाही?"

"बाबा म्हनायले कोनी भेटलंच नाही ना जन्मात. म्हनून घेतलं."

हार काढावा की राहू द्यावा, तेही मला कळेना.

आत्यानं पदरानं डोळे पुसले.

"लाव बरं पुन्हा पहिलं. अन् दुसरं लागायच्या आंधी बंद कर. तेवढं तरी जमन का तुले?"