दिलीपच्या खिशातली मिरची

या वेळी परतताना मी दोन तिकिटं काढणार होते. पुण्यातल्या घरी मागची खोली रंगवून झाली होती, पलंगावर निळी चादरही घातली होती. माझा धाकटा भाऊ दिलीप तीस वर्षं सायकोसिसच्या गोळ्या घेतो आणि भूमजवळच्या ईट गावात आमच्या चुलत वहिनीकडे राहतो. त्याला कायमचं आणायला मी निघाले.

बार्शीपर्यंत एक एसटी, तिथून भूमला दुसरी. बायकांना अर्धं तिकीट. जानेवारीत गेलात तर दोन्ही बाजूंना ज्वारी दिसेल. भूमला उतरलात की खवा नक्की घ्या. पुढे ईटला जीप मिळते, फक्त ती भरेपर्यंत थांबावं लागतं.

डॉक्टर म्हणतात, गोळ्यांनी दिलीपच्या कानातले आवाज थांबले, पण मेंदूच्या भागांचं आपसातलं बोलणं कमीच राहिलं. लहानपणचं सगळं त्याला आठवतं. हातातल्या कामानंतर पुढचं काम कोणतं, तो धागा मात्र सुटतो. तरी वहिनी म्हणाल्या, भूमचा आठवडी बाजार तो एकटा करतो. माझा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी मीही सोबत निघाले.

सकाळी त्याला नवा शर्ट दिला, जुना भिजवला. भिजवण्याआधी खिसे रिकामे करायचे, ही मला मिशनच्या शाळेत नन्सनी लावलेली सवय. वाळकी मिरची, कांद्याचं साल, चहापुडीचा तुकडा, सगळं टाकून दिलं आणि सुवाच्य अक्षरात यादी लिहून दिली.

बाजारात तो मिरचीवालीसमोर थांबला. यादीतली पहिली ओळ वाचली. पुन्हा तीच वाचली. हलेचना. कपाळावर घाम आला. पुण्याला न्यायचंच, असं मी मनात पक्कं केलं.

"भाऊ, खिशातलं काढा की," मिरचीवाली म्हणाली. त्यानं रिकामा खिसा चाचपला. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तुमी टाकलं व्हय, बाई?"

मग तिनं समजावलं. वहिनी दर बाजाराला हवं त्याचा नमुना खिशात घालतात. दिलीप एकेक काढून दाखवतो, वस्तू घेतो, नमुना तिथंच ठेवतो. खिसा रिकामा झाला की घरी. बोलता बोलता तिनं एक मिरची त्याच्या खिशात घातली, शेजारणीकडून कांद्याचं साल मागितलं, चहाच्या टपरीवरून रिकामी पुडी आणली. तो निघाला. मी तिच्या पोत्यावर बसून राहिले. अर्ध्या तासानं तो आला, पिशवी भरलेली आणि खिसा रिकामा.

संध्याकाळी चुलीशी बसून मी निळ्या चादरीचं सांगितलं.

"न्या की, वन्सं. तुमचाच भाऊ हाय," वहिनी म्हणाल्या आणि भाकरी थापत राहिल्या.

दिलीपनं विचार करून विचारलं, "आक्का, तिथं मिरची कुणाची घ्यायची?"

मी तर भाजी मोबाईलवरून मागवते. घरी पिशवी आणून देणाऱ्याचं नावसुद्धा मला माहीत नाही.

एकच तिकीट काढून परतले. दारात किल्ली शोधताना पर्समध्ये चार घड्या घातलेला कागद लागला. पुण्याहून जातानाचं माझं एसटीचं तिकीट, ईटच्या अंगणात मी टाकलेलं. लगेच फोन केला.

"म्याच ठेवलंय," दिलीप म्हणाला. "कंडक्टरला दाखव, आक्का. तसलंच देतो."