हलू नको, बेटा

आधीच सांगून टाकतो... भूतखेत, चकवा, हडळ या भानगडींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. माझा धंदाच फोटोचा. भुसावळात स्टुडिओ आहे, लग्नाच्या ऑर्डरी घेतो. "भाई, फोटोत मागं कोणीतरी उभं आहे बघा" म्हणत लोक घाबरेघुबरे मोबाईल घेऊन यायचे, आणि निघायचा काय तर लेन्सवरचा डाग, नाहीतर काचेत दिसणारी ट्यूबलाईट. मी त्यांच्या तोंडावर हसायचो. अम्मी म्हणायची, "इतना मत हँस रे." मी तिलाही हसायचो.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट, गणपती बसले होते तेव्हाची. रावेरकडच्या एका केळीवाल्या घरातल्या पल्लवीचं लग्न ठरलं होतं. साखरपुडा मीच शूट केलेला. तिला प्री-वेडिंग शूट धबधब्यावरच पाहिजे होतं! नवरामुलगा हेमंत बिचारा हो ला हो करणारा. लग्नाआधी दोघांना एकटं कसं सोडायचं, म्हणून घरच्यांनी पल्लवीचे काका सोबत दिले. त्यांना सगळे नाना म्हणतात. नाना म्हणजे एक छत्री, शेव-मुरमुऱ्यांची पिशवी आणि अखंड बडबड.

पाल गावाच्या पुढे सातपुड्यात, गाडी जाते तिथपर्यंत गेलो. मग पायवाट. दोन्हीकडे साग, बांबू, पायाखाली चिखल. नाना दोनदा घसरले आणि दोन्ही वेळा मला शिव्या दिल्या. धबधब्याचं नाव मुद्दाम सांगत नाही, उगाच रील बनवणाऱ्यांची जत्रा भरायची. पण काय देखणा होता हो! खाली डोह, आणि डोहात धारेच्या अगदी जवळ एक सपाट खडक. घोट्याएवढ्या पाण्यातून तिथपर्यंत सहज जाता येत होतं.

आता माझी एक खासियत आहे. कॅमेरा स्टँडवर लावायचा, लेन्सला काळा फिल्टर चढवायचा आणि शटर बराच वेळ उघडं ठेवायचं. वाहतं पाणी दुधासारखं दिसतं, आणि त्यात नवरी एकटी स्पष्ट. अट एकच, तेवढा वेळ तिनं पुतळ्यासारखं उभं राहायचं. जरा हलली की फोटोची खीर. म्हणून माझ्या तोंडात एक वाक्य बसलंय — "हलू नको बेटा, अजून एक." हजार नवरीमुलींना म्हटलं असेल.

पल्लवीला खडकावर उभं केलं. लाल साडी, पदर मागे सोडलेला, तोंड धबधब्याकडे, पाठ माझ्याकडे. पाण्याचा आवाज इतका की शेजारी उभ्या नानांची बडबडसुद्धा ऐकू येईना. म्हणून ठरवलं, फोटो झाला की मी शिट्टी वाजवणार, मग तिनं वळायचं. पहिला फोटो झाला. शिट्टी वाजवली, ती वळली, हसली. झकास. दुसरा लावला. शटर बंद झालं, शिट्टी वाजवली... ती वळली नाही.

पुन्हा वाजवली. नाही. वाटलं, पोज देतेय. तेवढ्यात डोहाच्या पाण्याचा रंग बदललेला दिसला. गढूळ, तांबूस. पालापाचोळा, काटक्या वाहून यायला लागल्या. वर डोंगरात कुठंतरी जोराचा पाऊस झाला असणार. "पल्लवी! बाहेर ये!" घसा फुटेस्तोवर ओरडलो. नाना छत्री फेकून ओरडायला लागले. पोरगी ढिम्म! पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत आलं तरी मान वळेना.

हेमंतनं उडी घेतली. हो ला हो करणारा तो पोरगा, पण त्या दिवशी त्याची हिंमत पाहिली. त्यानं तिचा हात धरला, तर ती त्याच्याशी झटापट करायला लागली. त्यानं अक्षरशः फरफटत आणलं तिला. दोघं काठाला लागले आणि मागं वळून पाहतो तर खडक दिसेनासा झालेला.

पल्लवी माझ्यावरच चिडली. "भाई, तुम्हीच तर म्हणत होतात! हलू नको बेटा, अजून एक... सारखं सारखं!"

"मी? अगं, मी तर बाहेर ये म्हणून बोंबलत होतो!"

तिनं वळून खडक होता तिकडं पाहिलं. मग म्हणाली, "पण तुम्ही माझ्या मागं होतात ना?" तिचे दात वाजत होते. "आवाज समोरून येत होता. पाण्यातून."

तुम्हाला वाटेल, फोटोत काहीतरी दिसलं असणार. काहीही नाही. झूम करकरून पाहिलं. फक्त तिचा पदर... धबधब्याच्या वाऱ्यानं तो सारखा फडफडत होता, मी डोळ्यांनी पाहिलंय. एवढ्या वेळाच्या फोटोत तो पुसट यायलाच पाहिजे. पहिल्या फोटोत आलाही तसाच. दुसऱ्यात मात्र पदर इतका स्थिर की जरीची तार अन् तार मोजून घ्या. मी तो फोटो कोणाला दिला नाही.

लग्नाची ऑर्डरही सोडली. खोटं कशाला बोलू, भीती वाटली. मित्राला पाठवलं आणि लग्नाच्या दिवशी भुसावळात घरीच बसलो. दुपारी नानांचा फोन आला.

"भाई, पोरगी हालून नही राह्यली बा!"

"म्हणजे?"

"मंगलाष्टकं झाली, अंतरपाट काढला, अक्षता पडल्या. हेमंतनं हार घातला. ही हार हातात घेऊन नुसती उभी! म्हणते, भाई हलू नको म्हणू राह्यले. तू तिले सांग बा, मांडवातले बठ्ठे लोक पाहू राह्यले!" नाना रडायच्या बेतात आले होते. त्यांनी फोन तिच्या कानाला लावला.

मी म्हणालो, "बेटा, मी घरी आहे. तिथं मी नाही. झालं सगळं, हल आता. हार घाल."

मग अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "भाई, आता दोन आवाज येताहेत. तुमचा कुठला?"

या अल्लाह! ओळखायचं कसं? आवाज एकच, बेटा म्हणणंही एकच. शेवटी सुचलं तेच बोललो. "जो हल म्हणतोय ना, तो माझा. त्याचंच ऐक. हल, बेटा, हल... हल..." किती वेळा म्हटलं देव जाणे. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. आणि मग फोनमधून एकदम वाजंत्री ऐकू आली, हार पडला होता.

पल्लवी आता जळगावला सासरी आहे, बरी आहे असं नाना सांगतात. तो आवाज कोणाचा, माझ्याच गळ्याचा कसा, लग्नापर्यंत कसा पोचला — मला आजही काही कळलेलं नाही. कोणाला कळत असेल तर सांगा, मी हसणार नाही. धंदा चालू आहे, पण आता कुठल्याच नवरीला मी थांब म्हणत नाही. फोटो हलले तर हलू देत.