दोन बोटांची काच

उंब्रजचे सुभेदार गाडीला ‘अहो’ म्हणत आणि गाडीच्या मालकाला ‘अरे’. फौजेत गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेला हा माणूस हायवेला पत्र्याच्या शेडमध्ये बसे आणि येईल त्याचा पाणउतारा करी. मला ते कधीच आवडले नाहीत.

पंच्याण्णव सालच्या आसपासची गोष्ट. माझ्या वडिलांची, अण्णांची, उमेदीची वर्षं कोयनानगरला धरणावर गेली होती. आता दम्याने ते खंगले होते आणि एकदा धरण दाखव, एवढंच त्यांचं मागणं होतं. एसटीचे धक्के त्यांना झेपणारे नव्हते. घरची गाडी जवळपास माझ्या वयाची. तिची डावीकडची काच अर्ध्यावर अडकलेली. धूळ आत आली की अण्णांची छाती भरायची. मी शहाणपणा करून काचेच्या फटीत गोडेतेल ओतलं. बिजागरीला चालतं, मग काचेला का नाही? काच जी रुतली ती रुतलीच.

कोयनेला जाताना वाटेत उंब्रजला गाडी दाखवली, तर सुभेदारांनी फटीत बोट घालून नाकाशी नेलं. “ह्यात भजी तळतोस व्हय रं?” मी कॉलेजात शिकवणारा माणूस, आणि हे अण्णांसमोर! मग गाडीकडे वळून म्हणाले, “थांबा बाईसाहेब, लय हाल केलं तुमचं.”

दाराचा आतला पुठ्ठा काढून त्यांनी काचेच्या कडेची चिकट झालेली पट्टी रॉकेलने धुतली, उन्हात वाळवली, तिच्यावर मेणबत्ती घासली. हँडल फिरवलं, काच वर चढली. मी किल्ली मागितली, तर यांनी पुन्हा पुठ्ठा काढायला घेतला.

“तिसरं बोट लागतंय. दोन बोटांनी फिरली पायजे.”

“मला चालते तीन बोटांनी.”

“तुला चालंल रं. फिरवणार कोण हाय?”

मला तो निव्वळ माज वाटला. तोंडाला येईल ते बोललो, किल्ली हिसकावली आणि अण्णांना बसवून कोयनेकडे निघालो.

पाटणच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं. पुढच्या ट्रकने धुरळा उडवला. अण्णांनी काच चढवायला हँडल धरलं, अर्धा वेढा दिला आणि त्यांचा हात गळाला. मी वळणावर, दोन्ही हात स्टेअरिंगवर. थांबायला जागा मिळेपर्यंत ते हँडल धरून खोकत राहिले. अखेर काच मी चढवली. ओठ निळे पडले होते. “माघारी फिर,” एवढंच म्हणाले.

चार दिवसांनी अण्णांनी हट्टाने गाडी पुन्हा उंब्रजला नेली. सुभेदारांनी माझ्याकडे न बघता पुठ्ठा काढला. तासाभराने त्यांनी अण्णांचा हात हँडलवर ठेवला. “फिरवा सायेब.” दोन बोटांनी काच वर गेली. अण्णा कितीतरी दिवसांनी हसले. पण कोयना राहिली ती राहिलीच. महिन्याभरात ते गेले.

तेराव्याला सुभेदार साताऱ्याला आमच्या घरी आले. चारचौघांत ते मला ‘अरे’ म्हणून सोलून काढतील, याची मी वाटच पाहत होतो. खरं तर मला ते हवंच होतं. ते आधी अंगणातल्या गाडीपाशी गेले, डावं दार उघडलं, उघडी राहिलेली काच दोन बोटांनी चढवली आणि दार हळूच लावलं. मग माझ्यासमोर येऊन हात जोडले.

“येतो आमी. तुमी बसा, सायेब.”

त्यांच्या सगळ्या शिव्या मी कधीच विसरलो. ते ‘सायेब’ तेवढं अजून पचलेलं नाही.