अडीच अँपिअरचा उजेड

कपाटाला कुलूप लावल्यावर मावशी ते तीनदा ओढून बघतात. साखर मोजताना चमच्यावरचा उंचवटा बोटाने सपाट करतात. दुसऱ्याच्या घरी गेल्या की आधी पंख्याचा आवाज ऐकतात, मग माणसांची चौकशी करतात. फोनवर बोलताना वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने आकडे लिहितात, आणि त्या आकड्यांचा बोलण्याशी काही संबंध नसतो. कुणी "साधारण एवढं" म्हणालं, की त्यांच्या कपाळावर आठी चढते.

एकतीस वर्षं त्या शाळेच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. तारा सोलायच्या, मीटर पुसायचे, फुटलेल्या काचा वेचायच्या. प्रयोग मुलं करायची. निष्कर्ष सर सांगायचे. मावशी दाराजवळच्या स्टुलावर बसायच्या आणि कुणाची तार चुकली की तिथूनच ओरडायच्या. पोरं त्यांना मीटरमावशी म्हणायची. निवृत्तीच्या दिवशी शाळेने त्यांना भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं. त्यांनी ते परत केलं आणि भंगारात काढलेला एक ॲमीटर मागून घेतला. वाहती वीज मोजणारं ते डबडं त्यांनी साडीत गुंडाळून घरी आणलं.

निवृत्तीनंतर त्या पाव भाजू लागल्या. गॅसचा एक जुना, अजस्र ओव्हन त्यांनी हुडकून आणला. एका वेळी चार ट्रे मावायचे. आठवड्यातून दोनदा इमारतीतल्या अकरा घरांत त्यांचा पाव जायचा. लोक दारात घेतानाच एक तुकडा मोडून तोंडात टाकायचे आणि मावशी तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या. आयुष्यात पहिल्यांदाच शेवटचा शब्द त्यांचा होता.

आणि मग ओव्हन पेटेना.

बटण फिरवलं की आत गॅस पेटवणारा इग्नायटर तापायचा. बोटाएवढी ती कांडी नारिंगी व्हायची, छान उजळायची. पण ज्योत नाही. कधी दोन मिनिटांनी भक्क करून पेटायची, कधी नाहीच. शेवटी मेकॅनिकला बोलावलं. तो वाकला, आत बघितलं, उठला.

"इग्नायटर मस्त आहे मावशी. बघा, कसा लखलखतोय. गॅसचा व्हॉल्व्ह गेलाय. या मॉडेलचा आता मिळत नाही."

"मोजलंत का?"

"यात मोजायचं काय? डोळ्यांना दिसतंय की."

मावशींच्या कपाळावर आठी चढली.

मुलाने फोनवर एका दमात निकाल लावला. "आई, मी विजेवरचा छोटा ओव्हन मागवलाय. गुरुवारी पाच वाजता येईल. जुना तेच लोक घेऊन जातील. मेकॅनिक येऊन गॅसची नळी सोडवेल. तू कशाला हात लावू नकोस."

"त्यात ट्रे किती मावतात?"

"एक. अर्धा म्हण. तुम्हा दोघांना पुरे झाला ना?"

दोघांना पुरे. मावशींनी फोन ठेवला. वर्तमानपत्राच्या कडेला त्यांनी अकरा लिहिलं होतं. ते त्यांनी गिरवून गिरवून जाड केलं.

गुरुवारी सकाळी त्या नेहमीसारख्या पीठ मळायला बसल्या. चार ट्रेंचं. टपालखात्यातून निवृत्त झालेला त्यांचा नवरा रेडिओवर मॅच ऐकत होता. त्याने मान वळवून परातीकडे बघितलं.

"अगं, ओव्हन मेलाय. बाजारात तुरी म्हणतात ते हेच."

"मेलाय असं कुणी मोजलंय?"

"पाचला तिरडी उचलायला येतायत त्याची."

"मग पाचपर्यंत जिवंत धरा."

पीठ झाकून त्या कामाला लागल्या. गॅसची तोटी बंद केली, खिडकी उघडली, ओव्हनचा तळ उचलून बाजूला ठेवला. मग भिंग घेऊन पोटावर झोपल्या. व्हॉल्व्हच्या अंगावर बारीक अक्षरात कोरलं होतं: ३.२५ अँपिअर. वीज आधी इग्नायटरमधून जात होती, मग त्याच ओळीतून व्हॉल्व्हमध्ये. म्हणजे निदान सव्वातीन वीज वाहिली तरच व्हॉल्व्ह गॅसचं दार उघडणार. कमी वाहिली तर कांडी नुसती मिरवणार, आणि व्हॉल्व्ह गप्प बसणार. त्याचा बिचाऱ्याचा दोष नसेलही.

किती वाहते, एवढंच मोजायचं होतं. मावशींनी ॲमीटर काढला. तारा जोडल्या. वीज चालू केली.

फट्.

रेडिओ बंद. पंखा बंद. फ्रिज एकदा गुरगुरला आणि निवला.

नवरा दारात येऊन उभा राहिला. "शेवटची ओव्हर होती."

मावशी मीटरच्या तारांकडे बघत होत्या. मीटर ओळीत घालायचा असतो. त्यांनी तो शेजारून दोन तारांवर आडवा लावला होता, आणि सगळी वीज थेट त्यातूनच धावली होती. एकतीस वर्षं दर जूनमध्ये, दर नव्या वर्गाला, याच चुकीसाठी त्यांनी स्टुलावरून शंख केला होता.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"ॲमीटर शेजारी लावला."

आता हे गणित नवऱ्यालाही पाठ होतं. रोज रात्री जेवताना ऐकलेलं. तो हसू दाबून म्हणाला, "मग? बाकावर उभी राहतेस, का पालकांना घेऊन येतेस?"

"पालक गेले वर. तुम्ही मेन स्विच चालू करा."

मीटर वाचला होता, त्याच्या तोंडाशी लावलेला फ्यूज तेवढा उडाला होता. नवा घातला. या वेळी त्यांनी जोडणी केली, हात मागे बांधले आणि तोंडाने म्हणून बघितली. मग वीज सोडली. कांडी नारिंगी झाली. काटा सरकला आणि अडीचवर थांबला.

वीज बंद. कांडी गार होऊ दिली. पुन्हा. अडीच. पुन्हा. अडीचला जरा कमीच.

मावशी जमिनीवर तशाच बसून राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, व्हॉल्व्ह ठणठणीत आहे. कांडी म्हातारी झालीय. उजेड पडतो, जोर नाही."

"माझ्याकडे बघून कशाला बोलतेस?"

सुट्या भागांचं दुकान दोन चौक पलीकडे होतं. मावशींनी जुना इग्नायटर कापसात गुंडाळून चष्म्याच्या घरात ठेवला आणि निघाल्या. दुकानदाराने न बघताच विचारलं, "मॉडेल?"

"मॉडेल बंद झालंय. सव्वातीन अँपिअरचा चपटा इग्नायटर द्या. दोन तारांचा."

दुकानदाराने आता बघितलं. "कुणी सांगितलं सव्वातीन?"

"व्हॉल्व्हनेच सांगितलं. अंगावर लिहिलंय त्याच्या."

तो आत गेला. बराच वेळ खोकी सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आला तो एक धुळकट डबी घेऊन. "कांडीला बोट लावू नका हां मावशी. बोटाचं तेल लागलं तर तडकते."

"एकतीस वर्षं काचेची भांडी सांभाळलीत," मावशी म्हणाल्या, आणि डबी दोन्ही हातांनी धरून घरी आल्या.

वीज बंद करून नवी कांडी बसवली. तारांच्या गाठींवर चिनीमातीच्या टोप्या घातल्या. साडेतीन झाले होते. परातीतलं पीठ फुगून फडक्याला टेकलं होतं. गॅसची तोटी अजून बंदच ठेवून त्यांनी आधी मीटर लावला. ओळीत. कांडी आधी लाल झाली, मग नारिंगी, आणि मग तो रंगही ओलांडून पिवळी-पांढरी झाली. जुन्या उजेडाला उजेड म्हणायची लाज वाटावी अशी. काटा सव्वातीनच्या पुढे गेला. तीनदा.

मीटर काढला, तारा जोडल्या, तळ बसवला, तोटी उघडली. जोडांना साबणाचं पाणी लावून बघितलं. एकही बुडबुडा नाही. मग बटण फिरवलं. नवरा घड्याळ धरून मोजू लागला. "दहा... वीस... तीस... चाळीस..."

हूश्श करून निळी ज्योत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावली.

"अगं पेटला!" नवरा ओरडला. पोस्टात चाळीस वर्षांत तो एवढ्याने ओरडला नसेल.

"हळू. बंद करू द्या. अजून दोनदा बघायचंय."

पाच वाजून गेल्यावर बेल वाजली. मुलगा, दोन हमाल, मोठं खोकं आणि मागे मेकॅनिक. सगळे दारातच थबकले. घरभर भाजत्या पावाचा वास होता. ओव्हनच्या काचेआड चार ट्रे सोनेरी होत होते.

"आई, हे काय?"

"पाव."

"ते दिसतंय. व्हॉल्व्ह कुठून मिळाला?"

"होता तोच आहे. त्याला काही झालं नव्हतं." मावशींनी वर्तमानपत्र पुढे केलं. कडेला पेन्सिलीने दोन ओळी होत्या. वर तीन आकडे, खाली तीन आकडे. "हा जुना. हा नवा."

मुलाने आकडे वाचले. मग आईकडे बघितलं, जणू घरात कुणी पाहुणी आलीय आणि ओळख करून द्यायची राहिलीय. मग त्याने हमालांना सांगितलं, "खोकं परत न्या."

"साहेब, जिना चढून आणलंय."

"पाव खा आणि उतरवा," नवरा म्हणाला. "उतरताना हलकं लागतं."

मेकॅनिक ओव्हनसमोर उकिडवा बसला होता. त्याने ज्योत बघितली. मग जुनी कांडी हातात घेऊन उलटसुलट केली.

"पण मावशी, लखलखत होता हो. मी स्वतः बघितला."

"लखलखत होताच. तुम्ही खोटं नाही बोललात. मोजलं नाहीत, एवढंच."

त्याचे कान लाल झाले. मग त्याने खिशातून पावतीपुस्तक काढलं, एक कोरी पावती फाडली आणि मावशींपुढे ठेवली. "मीटर नक्की कुठे लावायचा, काढून दाखवता? या महिन्यात मी असे तीन ओव्हन मोडीत काढलेत."

मावशींनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने कोपऱ्यातलं स्टूल ओढून आणलं. त्या बसल्या नाहीत, मेकॅनिकला बसवलं. स्वतः टेबलाशी उभ्या राहिल्या आणि पेन्सिलीला थुंकी लावली.

"नीट बघा. इथून वीज येते. हा इग्नायटर. इथे तार तोडायची, आणि मधे, शेजारी नव्हे हं, मधे हा मीटर. गोलात ए लिहायचा. आता इथून पुढे व्हॉल्व्हकडे..."

जिन्यातून सातव्या घरची बाई ओरडली, "मावशी, वास आलाय! आज आहे ना?"

"आहे, आहे! थांबा, ट्रे काढते!"

पेन्सिल कागदावर टाकून त्या धावल्या. एक ट्रे, दुसरा, तिसरा. दारात माणसं जमली. मावशी त्यांच्या तोंडांकडे बघत उभ्या राहिल्या.

मेकॅनिक स्टुलावर पावती धरून बसला होता. मीटरच्या गोलातून निघालेली रेघ व्हॉल्व्हच्या दिशेने बोटभर गेली होती, आणि पुढे कागद कोरा होता.