आखाजीचं बोलावणं

आई गेल्यानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती आणि शिरपूरजवळच्या माझ्या माहेरून बोलावणं आलं नव्हतं. दरवर्षी लिंबाला झोका बांधला की आईचा फोन यायचा, मग भाऊ मला न्यायला जळगावला यायचा. बोलावल्याशिवाय माहेरी जायचं नाही, हा आम्हा लेकींचा ताठा. माझा तर चार बोटं जास्तच. म्हणून फोन समोर ठेवून कामात डोकं घातलं होतं.

कामही असलं की देव आठवावा. मी घरूनच प्रोग्रामिंग करते. कोड लिहिताना पुढचा शब्द सुचवणारा, चूक दिसली की लाल रेघ ओढणारा एक मदतनीस प्रोग्राम असतो, लँग्वेज सर्व्हर. कंपनीच्या नव्या नियमानं तो कंटेनरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतच केलेल्या एका बंद खोलीत, चालवायचा होता. तो सुरू व्हायचा आणि थोड्या वेळात बंद पडायचा. एरर नाही, तक्रार नाही. रुसलेल्या जावयासारखा मुकाट उठून जायचा. लॉगमधल्या नोंदी वाचल्या, फाइलींचे पत्ते तपासले, मेमरी वाढवून दिली. ढिम्म. बाहेर वैशाखाचं ऊन, आणि कूलर नुसताच गरगरत होता. त्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. क्रेडिट कार्डवाले असणार म्हणून कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला.

शेवटी मर्म सापडलं. मी ज्यात कोड लिहिते तो एडिटर सर्व्हरला हाक मारताना स्वतःचा प्रोसेस नंबर, म्हणजे चालू प्रोग्रामचा ओळख क्रमांक, सांगतो, आणि त्या नंबरचा कुणी जिवंत आहे ना, हे सर्व्हर अधूनमधून बघत राहतो. पण बंद खोलीतून बाहेरचं त्याला काहीच दिसत नव्हतं. मग हाक मारणारा गेला असं समजून तो स्वतःच बंद व्हायचा. एडिटर बिचारा बाहेर हाका मारतच होता.

उपाय एका ओळीचा निघाला: तो नंबर पाठवायचाच नाही. ओळ लिहिली, सर्व्हर सुरू केला. टिकला. लगेच लाल रेघा उमटल्या, इतक्या की माझी मलाच लाज वाटली. हसायला आलं, आणि हसता हसता रडू फुटलं. मला आई हवी होती. तिचा नंबर मी पुसला नव्हता. तो आता वाजणार नाही हे माहीत असून सकाळपासून त्याच नावाची वाट बघत होते.

फोन तिसऱ्यांदा वाजला. तोच अनोळखी नंबर. उचलला.

“मी बोली ऱ्हायनू.”

आबा. माझे वडील. त्यांनी मला कधीच फोन केला नव्हता. आई बोलायची आणि ते मागून सांगत राहायचे.

“आबा, हाऊ नंबर कोना?”

“मनाच शे. नवा लिधा.” आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात, त्याबद्दलच ते बोलले. “तुनी मायनी पह्यली घागर शे. झोका बी बांधा मी. तू फोन उचले ना. माले वाटनं, माय गयी तं पोर बी तुटनी.”

मी डोळे पुसले.

“सकायमा मीच लेवाले येसू. येशी ना?”

“आबा,” मी म्हटलं, “लवकर या.”