खुर्च्यांचे झगे आणि पंपाचा स्क्रू

आमचं काम लग्नाच्या हॉलचे कपडे धुण्याचं. टेबलांच्या चादरी आणि खुर्च्यांना घालतात ती पांढरी कव्हरं. त्यांना मी झगे म्हणते. शहाडला घरामागे शेड आहे, तिथे मशीन आणि इस्त्रीची टेबलं. ते सगळं मुलगा बघतो. धुतलेला माल ठाण्याच्या हॉलवर पोचवायचा आणि तिथला मळका उचलून आणायचा, हे काम आमच्या ह्यांचं. जुनी डिझेल पिकअप, स्टिअरिंगवर हे आणि शेजारी मी. मी कशाला, तर हॉलवाल्यांशी भांडायला. ह्यांना भांडता येत नाही.

भिवंडीच्या बाजूनेही ठाण्याला जाता येतं, पण त्या रस्त्याशी ह्यांचं जुनं वैर आहे. म्हणून आम्ही कल्याण, डोंबिवली, शीळफाटा, मुंब्रा असे जातो. त्या रस्त्याला मेट्रोचे खांब उभे राहायला लागल्यापासून गाड्या मुंगीसारख्या सरकतात. त्यात हे इतरांपेक्षाही सावकाश. समोर मोकळं दिसलं तरी ह्यांचा पाय दबत नाही.

लागोपाठ दोन लग्नांना माल उशिरा पोचला. हॉलच्या मॅनेजरने मुलाला फोन करून झाडलं. संध्याकाळी जेवताना मुलगा म्हणाला, "बाबा, आता आपण ड्रायव्हर ठेवू."

"मी हळू नाही चालवत. गाडीच उचलत नाही," हे म्हणाले.

"मग दाखवा कुणाला तरी. पण यानंतर एकदा जरी उशीर झाला तरी मी ड्रायव्हर ठेवणार. मला रोज कुणाचं ऐकून घ्यायचं नाही."

ह्यांनी पुढचा घास घेतला नाही. ड्रायव्हर आला म्हणजे आपण घरी बसायचं, हे त्यांना कळलं. घरी बसलेला माणूस कसा दिसतो ते त्यांनी त्यांच्या थोरल्या भावाचं बघितलं होतं. तो दिवसभर दाराकडे बघत बसायचा.

दुसऱ्या दिवशी शीळफाट्याला शेजारी एक टेंपो उभा राहिला. त्यातल्या पोराने मान बाहेर काढली. "ओ काका, उतरून धक्का मारू का?"

ह्यांनी काच वर केली.  परत येताना गाडी घराकडे न वळवता सरळ गॅरेजला नेली.

मिस्त्री ओळखीचा. त्याने बॉनेट उघडलं, मी तिथल्या टायरवर बसले.

"काका, हिचा पंप वाढवून देतो. डिझेल जास्त जाईल, गाडी पळेल."

"किती पळेल?"

"तुम्ही पळवाल तेवढी."

त्या पंपावर एक स्क्रू होता. त्यात तार ओवून वर शिशाचं सील मारलेलं होतं, म्हणजे कुणी हात लावू नये. मिस्त्री म्हणाला, सील तोडलं की पुढचं तुमचं तुम्ही बघायचं. हे म्हणाले, तोड.

"आणि धूर?" मी विचारलं.

"थोडा मारेल, मावशी. डिझेलची गाडी आहे, धूर आलाच."

मी ह्यांना म्हटलं, "अहो, वातीच्या स्टोव्हसारखं होईल. वात जास्त वर काढली की आच वाढते थोडी आणि पातेलं काळं होतं जास्त."

"अगं, स्टोव्ह आणि गाडी एक आहे का?"

मिस्त्री इंजिनात डोकं घालून हसला. सील तोडून त्याने स्क्रू फिरवला, गाडी चालू करून जोरात आवाज केला. मागून डांबरासारखा काळा लोट निघाला. दाराशी झोपलेलं कुत्रं उठलं आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेलं. हे मात्र कान लावून उभे होते. "आवाज ऐक," म्हणाले. आमच्या मुलाने पहिल्यांदा शब्द काढला तेव्हाही हे असेच उभे होते.

पुढच्या लग्नाचा मुहूर्त सकाळचा होता. आम्ही माल भरला. आमची एक पद्धत आहे. हौद्यावर ताडपत्री असते, पण तिचा मागचा पडदा आम्ही नेहमी वर बांधतो. गरम इस्त्रीचं कापड बंद करून ठेवलं की घाम धरतं, कुबट वास येतो. वारा खेळता ठेवायचा, हे सासूने मला शिकवलं. ह्यांनी त्या दिवशीही पडदा वर बांधला. मीही बघितलं आणि काही बोलले नाही, कारण बोलण्यासारखं काही वाटलंच नाही.

डोंबिवली सोडल्यावर थोडा मोकळा रस्ता लागला. ह्यांनी दाबली. काटा कधी गेला नव्हता तिथे गेला. माझ्या पायातल्या चपला मी बोटांनी घट्ट धरल्या. एका पाण्याच्या टँकरला मागे टाकलं आणि हे माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस?"

"पुढे बघा."

पण खरं सांगते, म्हातारा त्या वेळी चांगला दिसत होता.

मग एक खड्डा आला आणि ह्यांचा पाय आपोआप वर आला. पुन्हा मोकळं मिळालं तरी खाली गेला नाही. गाडी आपली नेहमीच्या चालीने चालू लागली. शीळफाट्याला गर्दीत थांबलो, तर तो टँकर शेजारी येऊन उभा. तिथून गाडी हलवताना दर वेळी मागे काळा लोट उठायचा. स्कूटरवरच्या एका बाईने ओढणी नाकाला लावून शिवी दिली. हे म्हणाले, "जळतात."

आम्ही वेळेवर पोचलो. लवकर निघालो होतो म्हणून, पण वेळेवर. मॅनेजर दारातच उभा होता, त्याने घड्याळ बघितलं आणि वाट सोडली. हे उतरले ते छाती पुढे काढून.

मग हॉलच्या बायकांनी माल उतरवायला घेतला. पडद्याजवळचे सगळे गठ्ठे राखाडी झाले होते. गाडीच्या मागून निघालेला धूर वाऱ्याने पुन्हा हौद्यात ओढला होता. एका बाईने झग्यावरून बोट फिरवलं, तर पांढरी रेघ उमटली.

"मावशी, लग्न आहे इथे. तेराव्याचे झगे आणलेत का?" मॅनेजर ओरडला.

"ओरडून पांढरे होणार आहेत का? हात चालवा," मी म्हटलं.

काजळी वरच बसली होती, आतली बाजू कोरी होती. मी झगे उलटे करायला लावले. उलटा घातला की शिवण दिसते, पण शिवण बघायला पाहुणे येत नाहीत. चांगले पुढच्या रांगांना, उलटे मागच्या. सगळ्या बायका लागल्या. हेही लागले, पण त्यांचे हात काळे झाले होते आणि धरतील त्या झग्यावर पंजा उठत होता.

"तुम्ही बसा," मी म्हटलं.

ते एका उघड्या खुर्चीवर बसले. हात मांडीवर ठेवले नाहीत, हवेत धरले, पँट खराब होऊ नये म्हणून. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी बघितलं नाही. काम पडलं होतं.

मुहूर्त पार पडला. मॅनेजरने मुलाला फोन करायचा तो केलाच.

परत येताना मुंब्र्याच्या पुढे हे बोलले. "गाडी हळू नव्हती."

"माहिती आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "दिसतं नीट. पण पाय दाबायला गेलो की वाटतं, कुणीतरी मध्ये येईल."

"मग नका दाबू."

घरी मुलगा शेडच्या दारात तयारच होता. त्याने तोंड उघडायच्या आत ह्यांनी गाडीची किल्ली इस्त्रीच्या टेबलावर ठेवली. "ठेव ड्रायव्हर," म्हणाले. भांडायची तयारी करून आलेला मुलगा किल्लीकडे बघायला लागला. किल्ली कुणी उचलेना.

शेवटी मी उचलली. "जाताना ड्रायव्हर चालवेल. येताना हे."

"आई, मग येताना ड्रायव्हर काय करणार?"

"झोपेल. मागे गाठोडी असतात."

"लोक काय म्हणतील?"

"मळके झगे घरी आणताना कुणाचा मुहूर्त टळतो, ते सांग मला."

मुलगा हसला. हे हसले नाहीत, पण रात्री पोळी पूर्ण खाल्ली.

मिस्त्रीने स्क्रू उलटा फिरवून पहिल्यासारखा केला. ड्रायव्हर चांगला मिळाला, बोलतो कमी. सकाळी तो चालवतो आणि आम्ही दोघं शेजारी दाटीवाटीने बसतो. हे सारखे पाय दाबतात, त्यांच्या बाजूला ब्रेक नसला तरी. ठाण्याला मळका माल भरला की ड्रायव्हर मागे गाठोड्यांवर आडवा होतो आणि हे स्टिअरिंगवर.

परवा शीळफाट्याला पुन्हा एक टेंपो शेजारी आला. पोरगा दुसरा होता, बोलणं तेच. "काका, धक्का मारू का?"

ह्यांनी काच वर केली नाही. मान बाहेर काढून म्हणाले, "मार रे बाबा. फक्त हळू मार, मागे आमचा ड्रायव्हर झोपलाय."