जिताडा घेऊन जिमखान्यात

"मागून ये रे. किचनकडून."

हे मला सर म्हणाले. माझे कबड्डीचे सर. जिमखान्याच्या पायऱ्यांवर, कोट घालून, पाहुण्यांना गुलाब देत उभे होते.

मी खालच्या पायरीवर. गळ्यात चुलतभावाच्या लग्नातला टाय. दोन्ही हातांवर केळीच्या पानात गुंडाळलेला खाडीतला जिताडा. शेपटी बाहेर, पाणी ठिबकतंय, आणि तोंडावर हसू. ते हसू आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

सरांच्या शेजारी जिमखान्याचे अध्यक्ष होते. मुंबईचे. बंगला आमच्या किनाऱ्यावर. त्यांनी विचारलं, "हा कोण?"

मी छाती फुगवली. आता सर सांगणार.

सर म्हणाले, "हा? हा आपल्याकडे मासे आणतो."

मी कोळी. बोटीवर जातो, मासे आणतो, हे खोटं नाही. पण जिमखान्यात मी कधी बोंबीलसुद्धा नेला नव्हता. जिमखान्याला मी कप आणून दिला होता. आदल्या महिन्यात, अलिबागेत, कबड्डीच्या अंतिम सामन्यात. शेवटची चढाई माझी. समोर चार गडी, गुणांत आम्ही मागे. मध्यरेषेवर परत येऊन पडलो तेव्हा तोंडात माती होती आणि अंगावर सर. रडत होते. कानात ओरडत होते, "पोरा, आता तू जिमखान्याचा!"

ही साधी शाबासकी नव्हती. कप आणलास की तुला सभासद करतो, असा त्यांनी शब्द दिला होता. तीन हंगाम मी त्या शब्दावर खेळलो. गावच्या संघाला सोडून खेळलो. गावच्या पोरांनी "जिमखानवाला" म्हणून चिडवलं, तेही मला बिरूद वाटलं. असा शहाणा मी.

सरांवर विश्वास का टाकला? एकदा पकडीत माझा घोटा मुरगळला. सरांनी सगळ्यांसमोर माझा चिखलाचा पाय मांडीवर घेतला. हळद उगाळून लावली. दुसऱ्या दिवशी घरी आले, आईच्या हातचं कालवण ओरपलं, "आई, हा पोरगा मला द्या," म्हणाले. आई म्हणाली, "घ्या की. खातो लय, सांगून ठेवते." जातीतला नाही, गावचा नाही, आणि आमच्या पायाला हात लावतो. मी तिथेच विकला गेलो.

म्हणून सत्काराचं आमंत्रण आलं तेव्हा मी तयारीला लागलो. जिमखान्यात काट्या-चमच्यानं जेवतात म्हणे. मी घरी सुक्या बोंबलावर काटा चालवून पाहिला. बोंबील उडून शेजारणीच्या टोपात. बोटीवर जाळं ओढताना भाषण पाठ केलं, "आदरणीय अध्यक्ष महोदय..." बोटीचा तांडेल म्हणाला, "तुजे अध्यक्ष गेले खड्ड्यात, दोरी सोर आधी."

आणि जिताडा. तो आईचा हट्ट. आमच्यात ज्या घरानं आपलं म्हटलं, त्या घरात पहिलं पाऊल रिकाम्या हातानं टाकत नाहीत. वानोळा न्यायचा. घरात जे सगळ्यांत चांगलं असेल ते, आणि स्वतःच्या हातानं द्यायचं. अलिबागेत कचेरीतलं काम अडलं की साहेबाकडे जिताडा जातो, हे साऱ्या जिल्ह्याला ठाऊक. मी म्हटलं, "आये, लोक लाच म्हणतील." ती म्हणाली, "लाच मागल्या दारान जाते. तू म्होरल्यान जा."

मी म्होरल्यानंच गेलो होतो. आणि पायरीवर उभा राहून मला पहिल्यांदा दिसलं की हे म्होरलं दार मी कधी ओलांडलेलंच नाही. तीन हंगाम. आम्ही खेळाडू मैदानाच्या फाटकातून यायचो, रोलर ठेवायच्या शेडमध्ये कपडे बदलायचो, तिथेच केळी खायचो. अध्यक्षांचा पुतण्या आमचा कर्णधार. तो सामन्यानंतर आत अंघोळीला जायचा. मला वाटायचं, त्याला घाम जास्त येतो.

अध्यक्ष म्हणाले, "कार्पेटवर पाणी गळतंय."

आणि मी गेलो. मागून. शिवी दिली नाही, काही नाही. हसतच गेलो. याची लाज मला सरांच्या वाक्याहून जास्त वाटते.

किचनमध्ये खानसामा वैतागला. "एवढं धूड कापणार कोण? येतं ना तुला?"

येतं की. मी टाय शर्टात खोचला, खाली बसलो आणि माझ्याच सत्काराच्या दिवशी मासा साफ करायला लागलो. डोक्यात आपलं तेच, सर मला बोलवायला येतील. नाव पुकारायच्या आत हात धुवायला हवेत.

तेवढ्यात भिंतीवरचा कर्णा बोलला. सरांचाच आवाज. "स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट चढाईपटू! आपल्या जिमखान्याचा खेळाडू! त्याच्या वतीनं चषक स्वीकारताहेत आपले कर्णधार."

टाळ्या.

नाव नाही. आजारी आहे, बाहेरगावी आहे, असलं खोटंसुद्धा नाही. खोटं बोलायलाही आधी माणूस असावा लागतो.

मी उठलो. हॉलमध्ये शिरलो. पहिल्या रांगेतली एक बाई किंचाळली, तेव्हा कळलं की हातात सुरी तशीच आहे. हातभर खवले. बंडखोर म्हणावं तर टाय खोचलेला. मी सुरी गुलाबांच्या ताटात ठेवली. मुकाट्यानं.

"सर, मी कोण?"

सर जवळ आले, हळू आवाजात म्हणाले, "अरे, समजून घे. कमिटी ऐकत नाही. इथे सभासदच बसतात. चषक मी उद्या घरी पोचवतो."

"उद्या नको. आता सांगा, माइकवर. मी मासे आणतो का चढाई करतो?"

सरांनी मान खाली घातली. ज्यांनी माझा चिखलाचा पाय मांडीवर घेतला होता, ते स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले. तेव्हा समजलं. त्यांनी पाय उचलला होता. चढाई करणारा पाय. त्या पायावरचा माणूस त्यांना कधी लागलाच नव्हता.

जिताडा मात्र मी किचनमधून परत उचलला. तो काय त्यांना सोडतो!

घरी आईनं पान उघडलं. एका अंगाला खवले, दुसरं साफ.

"तुलाच कापाया लावला?"

"व्हय."

"आन् तू बसलास?"

"व्हय."

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. असं तिनं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

परवा सर आले. नवा हंगाम तोंडावर आलाय. ओट्यावर बसले, चहा घेतला. म्हणाले, "झालं गेलं विसर. आपण घरचीच माणसं. तू ये, आणि गावातली ती दोन नवी पोरं घेऊन ये. चांगली खेळतात म्हणे. या वेळी सभासदत्वाचं बघतो मी."

मी विचारलं, "सर, त्या पोरांची नावं काय?"

त्यांना माहीत नव्हती.

मी नावं सांगितली. बापाच्या नावासकट, आडनावासकट, सावकाश. मग म्हटलं, "पाठ करा. ही पोरं आमच्या गावाच्या नावानं खेळणार. तुमची बनियन आमच्यातलं कुणी घालणार नाही. मला तुमची माफी नको, सभासदत्व तर नकोच. मी गावच्या संघात परत गेलोय. तिथंही मला आधी शिव्या पडल्या, त्या मी खाल्ल्या. आता तुमची-आमची गाठ मैदानात. अध्यक्षांच्या पुतण्याला उतरवा, नाहीतर दुसऱ्या कुणाला विकत आणा. मी चढाईला येतोय."

सरांनी चहा अर्धाच ठेवला. मी त्यांना थांबवलं नाही.

पोरं वाळूत रेषा आखत होती. मी गेलो.